गाठ नसलेला केस

चाळिसावा टोप रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पुरा झाला, आणि वरच्या खोलीत बसलेल्या आत्याला ते खाली पसरलेल्या शांततेवरून कळले. नाटक कंपनीचे हे काम घरात शिरल्यापासून अडीच महिने कारखान्यात कोणी ना कोणी बोलत, खोकत, हरवलेली कात्री शोधत, दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडत होतेच. आता सगळे गप्प होते. म्हणजे तिच्या थोरल्या भावाने बाह्या वर सारल्या असणार, डोळे मिटले असणार आणि पहिल्या टोपाच्या कपाळपट्टीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली असणार.

या घरात केसांच्या टोपांची परीक्षा अशीच होई. वडील होते तोवर वडील करीत, त्यांच्यामागे थोरला. जाळीच्या एकेका भोकातून आकडीने केस ओढायचा, त्याची गाठ मारायची, आणि अशा हजारो गाठींचा एक टोप उभा करायचा. कपाळाच्या कडेला, जिथे केस कातडीतूनच उगवला आहे असे जगाला वाटायला हवे, तिथे एका गाठीत एकच केस. थोरला त्या गाठी अंगठ्याने वाचून, बायकोने मारल्या की धाकट्या भावाने, ते सांगे. "ही हिची, नेहमीसारखी घट्ट. ही धाकट्याची, चहा पिता पिता मारलेली." आजवर तो एकदाही चुकला नव्हता.

आत्या आरशासमोर बसली होती. एरवी तीही या वेळी खाली, थोरल्याच्या डाव्या हाताला असायची. केसांची निवड हे तिचे काम. चिमटीत एक केस धरून बोटांत घोळवला, की तो ज्या बाजूला सरकेल तिकडे त्याचे मूळ. मूळ आणि शेंडा उलटसुलट पडले, तर टोपाची महिन्याभरात जटा होते. परक्यांच्या केसांची लाखो मुळे तिच्या बोटांनी ओळखली होती. स्वतःची मात्र चाळिशी लागता लागता तिला सोडून जाऊ लागली होती. आधी भांग रुंदावला, मग दिव्याखाली टाळू चमकू लागली. तिने पदर घेतला, रुमाल बांधला, उजेडाकडे पाठ करून बसायला शिकली. टोपांच्या घरात ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही. ज्यांचा धंदाच झाकण्याचा, त्यांना न बोलणे फार चांगले जमते.

मग अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या उशाशी, स्वच्छ धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला, एक टोप होता. तिने तो घातला आणि खाली आली. थोरल्याने एकदा वर पाहिले, एकदाच, आणि चहा मागितला. त्यापलीकडे ना त्याने काही विचारले, ना तिने काही सांगितले. दरवर्षी त्याच सुमारास नवा टोप उशाशी येई, आणि दरवर्षी त्यात चार-दोन पांढरे केस जास्त असत. बहिणीबरोबर तो टोपाचेही वय वाढवत होता. एवढी माया शब्दांत मावली नसती, हे आत्याला कळत होते. आणि म्हणूनच आज तो टोप ठोकळ्यावर तसाच ठेवून, उघड्या डोक्याने आरशासमोर बसलेली ती, एखादी चोरी केल्यासारखी स्वतःकडे पाहत होती.

आरशात केस होते.

दाट म्हणावेत असे नव्हते. पण भांगाची वाट अरुंद झाली होती, आणि कपाळाच्या कडेने बोटभरही लांब नसलेली नवी लव, कुणी पुढे, कुणी मागे, कुणी भलतीकडेच तोंड करून, उभी राहिली होती. गेले सहा महिने ती महिन्यातून एका गुरुवारी "डोळे तपासायला" म्हणून बाहेर पडत होती आणि थोरल्याच्या मुलीच्या दवाखान्यात जात होती. ही मुलगी आकडी खाली ठेवून त्वचेची डॉक्टर झाली, तेव्हा घरात उडालेला भडका अजून पुरता विझला नव्हता. दुसऱ्या डॉक्टरच्या जागेत, आठवड्यातून दोन दुपारी मिळालेल्या एका अरुंद खोलीत ती बसे. तिने आधी आत्याचे रक्त तपासले, लोह कमी निघाले त्याच्या गोळ्या दिल्या, भिंगातून टाळू पाहिली आणि म्हणाली, "मुळं दमलीयत, आत्या, मेली नाहीयेत. करून बघू. पण गुण येईलच असं मी म्हणणार नाही."

मग दंडातून काढलेले रक्त नळीत घालून यंत्रात गरगरा फिरवणे. बाहेर आलेल्या नळीत तळाला लाल, वर गवताच्या रंगाचे पाणी. ते पाणी बारीक सुईने टाळूत टोचणे, ओळीने, एकीला लागून दुसरी. आत्याचे डोळे पाण्याने भरले होते. पण त्या दुखण्यातही तिला कळले की ही लय आपण ओळखतो. अंतर सारखे, खोली सारखी, ओळ संपली की क्षणभर थांबून मनगट मोकळे करणे. मुलीने आकडी टाकली होती, हात टाकला नव्हता.

"कोणाला सांगायचं नाही," आत्याने पहिल्याच दिवशी बजावले होते. "दादाला तर मुळीच नाही."

"पेशंटचं मी कोणालाच सांगत नाही," ती म्हणाली होती. "बाबांना सांगून मरायचंय का मला?"

खाली चाळिसाव्या टोपावरून अंगठा उचलला गेला असावा, कारण स्टुले सरकली आणि वहिनीचा आवाज आला.

"अहो, परीक्षा संपली की दवाखान्यासाठी पुढच्या खोलीचं बोलू, असं म्हणाला होतात ना लेकीला? संपली. आता बोला."

आत्या उठली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. इथून खालचे काही दिसत नसे, ऐकू मात्र सगळे येई.

"बोलायचं काय त्यात?" थोरला म्हणाला. "पुढची खोली टोपांची आहे. रस्त्यावरचा माणूस काचेतून टोप बघतो, घुटमळतो, मग आत येतो. तिथं ही सुई घेऊन बसली, की तो दारातच अडणार."

"अडू दे की, बाबा. ज्याला माझा उपयोग नाही, त्याला मीच आत पाठवीन."

"वा!" हा धाकटा. "म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या चाळणीतून जे गळेल, ते आम्ही वेचायचं!"

"भावजी, तुम्ही मध्ये पडू नका," वहिनी म्हणाली.

"मी कुठे पडतोय? मी दादाच्या बाजूला आहे, एवढंच सांगतोय."

"मला एक सांग," थोरला मुलीला म्हणाला. तो चिडला की आवाज खाली आणी, आणि आता तो फार खाली आला होता. "रक्त त्याचंच काढायचं, ते फिरवायचं आणि त्याच्याच डोक्यात परत टोचायचं. यात तू दिलंस काय? आम्ही निदान टोप तरी देतो."

"काहीच देत नाही मी. रक्तात प्लेटलेट्स म्हणून बारीक कण असतात, बाबा. जखम झाली की ते आधी धावत येतात. ते गोळा करायचे आणि मुळांपाशी नेऊन सोडायचे. मूळ जिवंत असेल तर ते कधी कधी जागं होतं. मेलं असेल तर काहीच होत नाही. आणि जिवंत असूनही काहींना गुण येत नाही. कोणाला येईल, हे मी आधी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

एवढ्या सरळपणाने धाकटा बिथरला असावा. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. "बरं मग, माझं कर. हे बघ, बसलो. घे डोकं. मी तुझ्या बाजूला यायला तयार आहे."

"आत्ता दादाच्या बाजूला होतात ना?" वहिनी म्हणाली.

"माणसानं मन मोठं ठेवावं, वहिनी."

पावले स्टुलापाशी आली. मुलगी त्याच्या डोक्यावर वाकून पाहत असावी.

"काका, तुमचं नाही होणार."

"का? घरचा म्हणून?"

"तुमची टाळू पार गुळगुळीत झालीय. मुळं उरलीच नाहीत. टोचलं तर तुम्हाला नुसतं दुखेल, आणि मला रात्री झोप लागणार नाही."

वहिनीला हसू आवरले नाही. धाकटा स्टुलावरून उठला तो तिरमिरीतच. "ऐकलंस, दादा? सख्ख्या काकाला उपयोग नाही, आणि हिला म्हणे पुढची खोली हवी. तुझंच बरोबर आहे."

"हे बघ," थोरला शांतपणे म्हणाला. "मला फोटो दाखवू नकोस. फोटोत मीही गाठी लपवतो. एक जिवंत डोकं दाखव. एक. या अंगठ्याखाली आण. मग खोली तुझी, मी ब्र काढणार नाही."

आत्याने जिन्याचा कठडा धरला.

"अगं, बोल की," वहिनी म्हणाली. "असेल ना कोणीतरी?"

"आहे."

"मग बोलाव!"

"ते माझ्या हातात नाही, आई. ज्याचं डोकं त्यानं ठरवायचं. मी नाव सांगणार नाही."

"म्हणजे नाहीच," थोरला म्हणाला. त्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. आत्याला वाटले, कुठेतरी त्याला हरायचेच होते. "मग हा विषय आजपासून बंद. ती खोली पुन्हा मागायची नाही."

मुलीने तरीही नाव सांगितले नाही. ती नुसती खाली मान घालून उभी असेल, हे आत्याला न पाहता दिसत होते. लहानपणी मार खातानाही ती अशीच उभी राही, तोंडातून अवाक्षर न काढता. तिच्याजवळ पुरावा होता, दहा पावलांवर, जिन्याच्या वर. एक हाक मारली असती तरी पुरे होते. आणि ती गप्प होती, कारण एका बाईने तिच्याकडून शब्द घेतला होता.

आत्याने मागे वळून ठोकळ्यावरच्या टोपाकडे पाहिले. तो घातला तर कोणाचेच मन दुखावणार नव्हते. आणखी अकरा वर्षे सगळे सुखाने एकमेकांची नजर चुकवत राहिले असते. तिने खोलीचे दार ओढून घेतले आणि ती जिना उतरू लागली. उघड्या टाळूला जिन्यातला गार वारा लागत होता, आणि प्रत्येक पायरीवर तिला वाटत होते की आपण कपडे घालायला विसरलो आहोत.

कारखान्यात लांब टेबलावर चाळीस लाकडी डोकी चाळीस टोप घालून ओळीने बसली होती. त्यांच्या पलीकडून चार जिवंत चेहरे वळले. वहिनीचा हात तोंडावर गेला. मुलीचे डोळे विस्फारले आणि तिने हळूच, नकळत, मान हलवली: नको, माझ्यासाठी नको.

थोरला मात्र टक लावून पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचे भाव आत्याला एकामागून एक वाचता येत होते. आधी गोंधळ. मग कारागिराची लोभी नजर. आणि मग असे काही, जे तिने वडील गेले त्या दिवसानंतर त्याच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते.

"तो टोप माझा नाही," तो म्हणाला.

आत्या आणखी एक पाऊल पुढे आली.

"चिमे, कुठून आणलास?" तो टेबलाला वळसा घालून जवळ आला. "कोणाचं काम आहे हे? ही कड बघ. हे आखूड केस बघ, बोटभराचेसुद्धा नाहीत. एक इकडे, एक तिकडे. असे कोण लावतं? बाबांना जमलं नाही. मला उभ्या जन्मात सुचलं नाही." त्याचा आवाज खाली खाली येत होता. "धाकट्या, हे तू आणून दिलंस. बाहेरच्याकडून."

"आईशप्पथ नाही, दादा! मी ताईला आजवर साधी पिनसुद्धा आणून दिलेली नाही!"

"अकरा वर्षं माझ्या हातचं घातलंस," थोरला बहिणीला म्हणाला. "काय कमी पडलं, ते तरी सांग."

अकरा वर्षांत या घरात त्या टोपाबद्दल पहिल्यांदाच कोणी उघड बोलले होते. वहिनीने मान फिरवली. धाकट्याने एका लाकडी डोक्याचा आधीच नीट असलेला टोप नीट केला.

"तू अंगठ्यानं सगळ्यांचं सांगतोस ना?" आत्या म्हणाली. तिचा आवाज तिला वाटले होते त्यापेक्षा बराच ठाम निघाला. "मग सांग, दादा. कोणाचं काम आहे ते तूच सांग."

त्याने डोळे मिटले. अंगठा तिच्या कपाळाच्या डाव्या कोपऱ्यावर टेकला आणि कडेकडेने सरकू लागला. ती पाच वर्षांची असताना तिची वेणी तोच घालून देई. त्यानंतर तिच्या उघड्या डोक्याला त्याचा हात कधी लागला नव्हता. अंगठा मध्यापर्यंत आला, थांबला, मागे गेला. पुन्हा आला. त्याच्या भुवया जवळ आल्या.

"गाठ लागत नाही," तो पुटपुटला.

तिसऱ्यांदा तो अगदी सावकाश गेला. मग त्याने एक आखूड केस चिमटीत धरला आणि कारागीर ओढतो तसा, मुळाशी, झटक्याने ओढला.

"आई गं! दादा, दुखतंय!"

त्याने डोळे उघडले. काही न कळल्यासारखे बहिणीकडे पाहिले, आणि मग जरा बाजूचा दुसरा केस धरून ओढला.

"अरे, दुखतंय म्हटलं ना!" आत्या ओरडली, आणि ओरडता ओरडता हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. किती वर्षांनी दुखत होते! टोपाचे केस कोणी कितीही ओढले, तरी तिच्यापर्यंत काहीच पोचत नसे.

"मुळापासून आहे," थोरला म्हणाला. ते त्याने कोणाला सांगितले, कोणास ठाऊक. समोरच्या चाळीस लाकडी डोक्यांना सांगितले असावे. मग तो मुलीकडे वळला. "तू?"

"तिचेच आहेत, बाबा. मी नुसतं टोचलं. चारदा, महिन्याच्या अंतरानं."

"चोरून?"

"तिनं शब्द घेतला होता."

"आणि मघाशी गप्प बसलीस? खोली जात होती तुझी."

"खोली काय, दुसरीही मिळाली असती," ती म्हणाली. आणि मग, या क्षणीही गप्प बसवेना म्हणून, तिने पुढे जोडले, "पण हे कायमचं नाही हं. पूर्वीसारखे दाट होणार नाहीत. वर्षातून एक-दोनदा पुन्हा टोचावं लागेल, आणि..."

"अगं, जरा श्वास घे," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "जिंकलीस की लगेच हरायची कारणं कसली सांगतेस?"

थोरला त्या नव्या केसांकडेच पाहत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मत्सर म्हणवणार नाही इतके गोड होते. "तरी काल रात्रीपर्यंत माझाच टोप घालून जेवलीस," तो बहिणीला म्हणाला.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मी तरी तो कशासाठी केला होता? तुला वाईट वाटू नये म्हणूनच."

"माहीत आहे."

"मग दोघंही वेडेच की आपण."

"तू थोरला," आत्या म्हणाली. "तू जास्त."

धाकटा इतका मोठ्याने हसला की ओळीतले एक लाकडी डोके डळमळले. त्या हसण्याने खोलीतले इतक्या वर्षांचे काहीतरी सैल झाले. वहिनी मध्ये येऊन उभी राहिली. "वन्सं, तुम्ही आधी बसा. आणि अहो, आता खोली कोणाची ते मोठ्यानं सांगा. नंतर मला कानात सांगितलेलं चालायचं नाही."

"तिची," थोरला म्हणाला.

"अजून मोठ्यानं."

"तिची! रस्त्यावर जाऊन ओरडू का?"

मुलीने बापाकडे पाहिले, आणि ती मिठी मारणार असे सगळ्यांना वाटले. पण या घरात तशी रीत नव्हती. तिने त्याचा तो अंगठा धरला, क्षणभर मुठीत घट्ट दाबला आणि सोडला.

"सगळ्यांचं झालं," धाकटा म्हणाला. "माझ्या गुळगुळीत टाळूचं काय?"

"तुला मी टोप करतो," थोरला म्हणाला. "एका गाठीत एक केस. आणि आता मला कड कशी असते ते कळलंय. एक इकडे, एक तिकडे."

"बघा," डॉक्टर म्हणाली, "पहिलं गिऱ्हाईक आत पाठवलंसुद्धा."

खोली त्याच दिवशी रिकामी करायची, असे थोरल्याच्या डोक्यात आले आणि मग कोणाचे काही चालले नाही. वडिलांनी लावलेल्या फळ्या त्याने स्वतः उतरवल्या. वहिनीने जमीन पुसली. धाकटा मोजपट्टी घेऊन, कुठे खुर्ची येईल आणि कुठे यंत्र, यावर पुतणीशी वाद घालत राहिला. मघाशी आपण कोणाच्या बाजूला होतो, हे तो साफ विसरला होता. आत्याने तेवढ्यात वर जाऊन डोके धुतले, आणि केस पुसत खाली आली तेव्हा दुपारचे ऊन काचेतून थेट जमिनीवर पडले होते. रिकाम्या खोलीत एकच स्टूल उरले होते. ती काचेजवळ, रस्त्याकडे तोंड करून बसली आणि तिने ओल्या केसांत फणी घातली.

लोक जात होते. कोणी पाहत होते, कोणी पाहत नव्हते. उजेडाकडे पाठ करून बसण्याची अकरा वर्षांहून जुनी सवय तिच्या खांद्यांतून एकदा वर आली. तिने ती येऊ दिली आणि जाऊ दिली. ऊन टाळूपर्यंत पोचत होते. तिथे जे विरळ होते ते विरळ दिसत होते, आणि जे उगवले होते ते उगवलेले.

"जरा सरक," मागून थोरला म्हणाला. तो एक खोके घेऊन आला आणि तिच्या शेजारी त्यावर टेकला. त्याचे स्वतःचे टक्कल उन्हात लखलखत होते. "बरं वाटतं गं इथं. उगाच इतकी वर्षं लाकडाच्या डोक्यांना बसवलं."

बाहेर एक बाई थांबली. डोक्याला रुमाल, हातात पिशव्या. तिने वरची टोपांची जुनी पाटी वाचली, मग काचेतून आत्याच्या केसांकडे बराच वेळ पाहिले. त्या पाहण्यातली भूक आत्याला ओळखीची होती. बाईने एक पिशवी खाली ठेवली, बोटाने आत्याच्या डोक्याकडे खूण केली आणि भुवया उंचावून थोरल्याला विचारले: हा केवढ्याला?

थोरला ताडकन उठला. त्याने दोन्ही हात हलवले. बाईला कळेना. तिने पुन्हा खूण केली.

"तो विकायचा नाही!" थोरला काचेवर ओरडला. "तो तिचा आहे!"

"दादा, काचेतून ऐकू जात नाही तिला."

"मग दार उघडतो," तो म्हणाला. "तिला आत बोलावतो आणि जवळून दाखवतो. ओढून बघू दे तिलाही."